न धुतलेलं डोकं

—पुन्हा धुऊन आलात! अहो, पाणी ओघळतंय मानेवरून, आणि नाही काय म्हणताय? घ्या, मान खाली घ्या. अजून. हा कापूस मी टाळूवर फिरवणार, त्याला जे जीवाणू चिकटतील ते या काचेच्या बशीत वाढवणार — पण तुम्ही त्यांना शाम्पूने वाहून घालवलंत तर मी वाढवू काय, फेस? — आई गं! — काही नाही, फ्रीज सुरू झाला. रोज होतो, रोज दचकते. तुम्ही हलू नका.

घाण नसते हो ती. सगळ्यांना तेच वाटतं, माझ्या आईलासुद्धा. मी घरी गेले की आधी हात धुवायला लावते. केसांच्या मुळाशी तेल सुटतं ना, त्यावर या जीवाणूंचा संसार चालतो. त्यांचं आपापसात बरं असलं की टाळू शांत, केस आपले वाढतायत. बिनसलं की बुरशी माजते, कोंडा होतो, मुळाशी सूज — आणि मग केस उशीवर. म्हणजे, असं आम्हाला वाटतं. सिद्ध व्हायचंय अजून, म्हणून तर डोकी लागतात. न धुतलेली! पहिल्या खेपेला कसे आला होतात — विस्कटलेले, तेलकट, शर्टाची बटणं वरखाली — काय देखणा नमुना होता तो! सरांना दाखवला. सर म्हणाले, उत्तम, याचं काम झालं, आता पुढच्याला बोलाव—

म्हणजे — तसं नाही. एका नमुन्यावर भागत नाही. भागतं, पण खात्री करून घेतलेली बरी. मीच म्हटलं सरांना, अशी टाळू पुन्हा मिळायची नाही. मिळतात म्हणा, समोरच्या वसतिगृहात पैशाला पासरी आहेत. हसू नका, कापूस हलतो.

पण आता माझं काही चालायचं नाही. सर आज सकाळीच म्हणाले, हे गृहस्थ पुन्हा धुऊन आले तर नाव काढून टाक. काढलं समजा. आता तुम्हाला इथे यायचं कारणच उरलं नाही — जिने चढायला नकोत, माझी बडबड नको, सुटलात. एवढं साधं सांगितलं होतं, शिकलेसवरलेले तुम्ही, डोक्याला पाणी लावू नका म्हणून — मग का? दर वेळी का?

काय?

धुतलं की पुन्हा बोलावतात, म्हणून?

—

कापूस पडला वाटतं. असू दे, मी उचलते. असू दे म्हटलं ना! उठा तुम्ही. सर येतील एवढ्यात. — परवा? परवा सर नसतात. — कशाला म्हणजे? ते मला काय विचारता! — हो, धुऊन या. जा आता.