कोनते इंगळे?

— नाही वं, तशी पिळू नको, म्हैस हाय का ते! हात काढ. आंग सैल सोड पहिले. जोर लावून पान्हा येत असता त मंग काय पाहिजे होतं. लेकरू आत काचेच्या पेटीत अन् माय बाहेर बाकावर — पान्ह्याले तरी कसं समजावं का कोनासाठी याचं हाय? बस जराशी. तुही सासू चहा आनाले खाली गेली ना, तिले येळ लागते, कँटीनवाल्यासंगं भांडल्याशिवाय ते बाई वर येत नाही. रडू नको आरती, रडल्यानं अजून आटते. मलेबी सुरुवातीले असंच झालं होतं, वाटी कोरडीच्या कोरडी. सिस्टर म्हने, इंगळे, लेकराचं दुपटं उशाशी घे, वास घे त्याचा. मी म्हनलं, याले त नुसता दवाईचा वास येते! पन घेतला. अन् आलं वं — असं आलं का ब्लाऊज चिंब.

काय म्हंते? हो, सातव्यातच झाला माहा. पहिलं बाळंतपन म्हून पातूरहून माहेरी आली होती मी, चांदूर रेल्वेले. ओटी भराची साडी मायनं आनून ठेवली होती, हिरवीगार — घडीबी मोडली नाही, त्याच्या आधीच पानी गेलं अन् इकडं अमरावतीले पळवलं मले. लोक म्हंतात ना, आठव्याचं जगत नाही, सातव्याचं जगते — त्याच्यावर माह्या मायचा लय भरोसा. साऱ्या वार्डात सांगत फिरे, सातवाच हाय, काही होत नाही! बारसं कुठचं, पिंटूच म्हनो आमी त्याले. हे एवढंसं तोंड. पन नळीनं दूध गेलं का ओठ असे चाटे, जसा काही तोंडानंच पेला! डॉक्टर म्हने, छातीशी घ्या, उघड्या आंगाशी. मी घेतला, वरून शाल. मांजरीच्या पिल्लावानी कन्हत राहे, अन् माह्या आंगाची ऊब लागली का चूप. एकदम चूप. मले वाटे, आता याले मी परत पेटीत देतच नाही... तू काय पाहून राहिली अशी? बोट आत घे, वाटी वाकडी झाली तुही.

तुह्या पोरीचं सांग. परवा सकाळी पोट फुगलं ना तिचं? डब्ब्याचं दूध नाही सोसत या जिवाले. डॉक्टरनं तुह्या समोरच सांगतलं — बँकेतलं दूध देऊ, इथल्या मायांचंच असते, तपासलेलं, तापवलेलं. अन् तुही सासू काय म्हने? कोनाचं हाय ते आधी सांगा! सिस्टर हासली, म्हने, गोदाआजी, बाटलीवर नाव नसते. मंग काय, आजी निघाल्या चौकशीले. एकेकीच्या खाटेवर जाऊन बसे. काल दुपारी माह्याजोळ आली. जेव बाई, म्हने, तोंड सुकलं तुहं. भाकर देली, वांग्याची भाजी देली, खोटं कावून बोलू, मायेनं देली. मंग नाव काय? दीक्षा. तवाच कपाळाले आठी पडली. आडनाव? इंगळे. कोनते इंगळे? — आता आपल्याकडं इंगळे तुमच्यातबी असतात अन् आमच्यातबी. मी म्हनलं, पातूरचे. तिचं काही भागलं नाही. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला अन् माह्या फोनात भीमगीत वाजलं. झालं! डब्ब्याले असं झाकन लावलं का मले भाजी घ्याले फुरसत नाही. हास, हास, तेवढीच हासली तू. मले राग नाही आला? आला वं. लय आला. हातातली भाकर खाली ठेवली. पन तुही सासू वाईट नाही — मी पाहिलं तिले जिन्यात, पदरानं डोये पुसत होती. नात जाईन म्हून भेव, अन् नातीच्या पोटात आमचं दूध जाईन म्हूनबी भेव. कोनतं भेव मोठं, ते तिलेच समजून नाही राहिलं.

अन् तसं पाहिलं त कोनाचं कोनाले गेलं, ते मलेबी समजत नाही. सारं एकातच टाकतात. माहं तुह्या पोरीले गेलं का दुसऱ्या कोन्या बाईचं, जन्मभर समजनार नाही — ना तुले, ना मले. मंग तुले काय जाते हो म्हनाले?... काय? पिंटूले कमी पडन? नाही पडत. नाही पडत म्हनलं ना! अवं — तो पेत नाही आता. काल सकाळी बापानं नेला त्याले, चांदूरले. दुपट्यात गुंडाळून, एका हातावर. मायबी गेली त्याच्यासंगं. मले नाही नेलं, टाके ओले हायेत म्हने. फोन आला होता ना नवऱ्याचा, भाकर खाता खाता — तो तेच सांगाले. मातीत ठेवला म्हने. सिस्टर म्हने, इंगळे, दूध बंद व्हायची गोळी देऊ का? मी नाही म्हनलं. कावून घेऊ? त्याच्यासाठीच आलं ना ते! अजूनबी सिस्टरनं दारातून मायांले आवाज देला का माही छाती भरून येते — तिले कसं सांगू मी, का आता कोनी नाही? म्हून इथं येऊन बसतो. बँकेत देतो. दुखते वं, आरती. लय दुखते.

तू नको रडू! तुही जित्ती हाय. ऐक, सासूले यातलं काही सांगू नको. आडनावानंच तिचं तोंड आंबलं, त्यात मेल्या लेकराची माय म्हनलं त सारी बँक नालीत ओताले लावन ते. तू नुसती आत जाय अन् डॉक्टरले हो म्हन. माय तू हायेस, सासू नाही. उठते? खरंच उठते? टाक्यावर हात ठेव, हं, अशी. नाही नाही, पोरीचं नाव काय ठेवनार ते मले सांगू नको. नको सांगू म्हनलं ना. चाल, सासू आली वर. माह्याकडं पाहू नको आता. पुढं कवा अमरावतीच्या बजारात दिसली मी, तरी वळख देऊ नको. जाय. जाय ना वं —

काही नाही, आजी. पानी कुठं भेटते, ते इचारत होती मले.