तानाजीची सीडी

सीडी आता कोण बघतंय, म्हणता? मग ऐका. मलकापुरात माझं कॉम्प्युटरचं दुकान हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फौजी तानाजी त्याच्या लग्नाची सीडी घेऊन आला. वडील वारलेले, त्यांचा आवाज तेवढा त्या सीडीतच उरलेला. आणि सुट्टी संपवून संध्याकाळच्या गाडीनं त्याला जायचं होतं.

लॅपटॉपात सीडी घातली, तर नुसती घरघर. फाइलींची नावं दिसत होती, पण एकबी उघडंना. सीडी पुसली, लॅपटॉप बंद करून चालू केला. परत तेच.

"गेली व्हय रं?" तानाजीनं विचारलं.

शेवटी सीडी काढून ट्रेमधल्या भिंगावर बॅटरी मारली. भिंगावर हळदकुंकू! दुकानामागच्या घरातनं आईला हाक मारून बोलावलं.

"आई, खंडेनवमीला हितं कुंकू कुणी लावलं?"

"मीच की! स्क्रीनला लावू नको म्हणालास, म्हणून खण उघडून आत लावलं."

हळूच भिंग पुसलं, सीडी घातली. मांडवात वाढप्यावर ओरडणारे तानाजीचे वडील पडद्यावर आले.

तानाजी डोळे पुसत आईच्या पाया पडला. म्हणाला, "मावशी, तुमी आमच्या पलटणीत न्हाई तेच बरं. रायफलीच्या नळीतबी कुंकू भरलं असतं!"