खाली छे!

क्रेनचं कौतुक मला सांगू नका. साठ-बासष्ट साली डहाणूत आमच्या वडिलांनी अंगणातल्या आंब्याला दोर बांधून मोटारीचं इंजिन उपसलं होतं. वडील मास्तर. बागवाल्याने भंगारात काढलेली विलायती गाडी त्यांनी दोन वर्षं रविवार घालवून नटवली, आणि रंग वाळतो न वाळतो तोच इंजिन धूर ओकायला लागलं.

दोर ओढायला नरपडचे चार मच्छीमार आले, होडीची कप्पी घेऊन. इंजिन निघालं, वर लटकलं. आता गाडी मागे ढकलायची. पण आम्ही भावंडं सारखी आत जाऊन बसायचो, म्हणून वडिलांनी शेजारच्या छगनकाकांना विचारलं, "काका, गाडी रिकामी आहे ना?"

काकांनी खिडकीतून डोकावून गुजरातीत ठणकावलं, "खाली छे!"

मच्छीमारांना तेवढं 'खाली' पुरलं. चौघांनी एकदम दोर सोडला. धाडकन इंजिन परत होतं तिथं!

त्यांचा म्होरक्या, तांडेल, म्हणाला, "खाली बोल्लात, खाली सोरला."

काका हात नाचवत ओरडले, "अरे, में तो कह्युं, गाडी खाली छे!"

वडील म्हणाले, "होती. आता भरली."