काचपेटीतलं परीक्षण

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय दाजी खानविलकर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती जमालुद्दीन परकार, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या शरीफुन्निसाभाभी, मंडळाचे पदाधिकारी, आणि गुरुवारची संध्याकाळ घरी टीव्हीसमोर न घालवता इथवर आलेले माझे सर्व बंधू-भगिनी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून टाकते. परवा जमालभाई कायमचे परत जायला विमानात बसतील आणि मग हर्णैला जाऊन त्यांच्या ओटीवर बोलायचं म्हटलं तर मला तेवढी रजा कोण देणार? मला त्यांच्यासमोर एक गोष्ट कबूल करायची आहे. पाच वर्षं राहून गेली आहे.

आधीच्या वक्त्यांनी जमालभाईंच्या सचोटीबद्दल, सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दल सांगितलं. मी फक्त एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. ‘चाचा बारूद’. हसलात ना? म्हणजे आठवतोय.

साल त्र्याण्णव. घरोघरी व्हिडिओ होता, गच्च्यांवर डिश उगवायला लागल्या होत्या, आणि बाब अल बहरीनच्या वेशीपासून चालत दहा मिनिटांवरचं, जमालभाई मॅनेजर असलेलं सिनेमागृह ओस पडत चाललं होतं. मालकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, पुढचा पिक्चर चार आठवडे चालला नाही तर खलास, हॉल बंद आणि तिथे फर्निचरचं दुकान. हॉल बंद म्हणजे जमालभाईंचा व्हिसाही बंद. तेव्हा त्यांची मुलगी हुदा बारावीला होती आणि धाकटा अर्सलान आठवीत. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? मुंबईचा मोठ्या नावांचा सिनेमा आणेल. जमालभाईंनी कराचीहून एक मारधाडीचा विनोदी सिनेमा आणला. त्याचा नायक साठीचा, सुटलेल्या पोटाचा, निवृत्त हवालदार. सोबत त्याची मोटारसायकल आणि एक विधवा मेहुणी. मालकांनी कपाळाला हात लावला असं म्हणतात.

समीक्षकांनी तर सोललाच. तिकडच्या एका उर्दू साप्ताहिकाने ‘तीन तासांची शिक्षा’ म्हटलं. इथल्या इंग्रजी पेपरने दोन ओळींत वाट लावली. आणि तिसरं परीक्षण आपल्या मंडळाच्या पत्रकात आलं. ते कोणी लिहिलं होतं हे सांगायला नको. त्या वेळी मी शुक्रवारी मुलांना मराठी शिकवत होते आणि पत्रकात दरमहा सिनेमावर लिहीत होते, आणि या दोन्ही कामांमुळे मला वाटायचं की आपल्याला सगळ्यातलं कळतं.

आता कबुली. तो सिनेमा मी सिनेमागृहात पाहिलाच नव्हता. खाली सगळे बॅचलर पुरुष, बाई माणसाने तिथे कसं जायचं, असं माझ्या मनात. म्हणून चोरीची कॅसेट आणली आणि भाजी निवडत, मध्ये दोनदा फोन घेत, एकदा कुकर बंद करायला उठत मी ती पाहिली. आणि परीक्षणात ठणकावून लिहिलं की या चित्रपटाला शेवटच नाही, तो मध्येच तुटतो, दिग्दर्शकाला काही सुचलेलं दिसत नाही.

मंडळी, कॅसेट तीन तासांची होती आणि सिनेमा सव्वातीन.

हसा, हसा. मी पाच वर्षं हसू शकले नाही.

पत्रक निघालं त्याच आठवड्यात जमालभाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. म्हणाले, “बाई, शेवट नाय कसा? शेवट हाय. तुम्ही कुठं बघितलाव?” मी विषय बदलला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणाले, “सोमवारी चारच्या शोला बाल्कनी बायकांसाठी राखून ठेवतोय. शरीफुन्निसा पण येनार. तुम्ही या.”

मी गेले. दारातच त्यांची काचपेटी होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. जमालभाईंची एक रीत होती. सिनेमाबद्दल कुठेही काही छापून आलं, चांगलं असो की वाईट, ते कापून पोस्टरशेजारी काचेमागे लावायचं. उर्दू साप्ताहिकाची शिक्षा तिथे होती, इंग्रजी पेपरच्या दोन ओळी होत्या, आणि आमच्या पत्रकाचं पानही होतं. माझं नाव ठळक दिसत होतं. फक्त शेवटच्या परिच्छेदात एका ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

ती ओळ मला पाठ होती. लिहिल्यावर मीच खूश झाले होते. “असल्या चित्रपटाला हसणाऱ्या माणसांची मला कीव येते.”

मी विचारलं, हे का झाकलंत? तेव्हा ते जे म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते. “बाई, पिक्चरला कायपण बोला. तो पडद्यावरचा, त्याला लागत नाय. ही माणसां रोज हितनं जातात. त्यातली दोन-चार मराठी वाचतात.”

आणि मग त्यांनी सिराजभाऊंचं सांगितलं. सिराजभाऊ आज तिसऱ्या रांगेत बसलेत. मंडणगडचे, गवंडीकाम करतात. पहिल्या दिवशी पट्टी नव्हती. कामावरच्या चार पाकिस्तानी मित्रांना ते काचपेटीतलं मराठी पान हिंदीत वाचून दाखवत होते. त्या ओळीपाशी आले, थांबले, आणि मित्रांना म्हणाले, “आगे कुछ खास नहीं लिखा है.” मग सगळे तिकीट काढून आत गेले. जमालभाई तिकिटाच्या खिडकीतून बघत होते. ते गेल्यावर त्यांनी पट्टी आणली.

मला त्या क्षणी फार लाज वाटली. उन्हात आठवडाभर विटा रचून शुक्रवारी तीन तास हसायला आलेल्या माणसाला मी हे वाचायला लावलं होतं.

सिनेमा पाहिला. एका प्रसंगात चाचाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपतात. तो गुंडांना हाताने थांबा म्हणतो, सावकाश चष्मा काढतो, पुसतो, आणि गुंडही बिचारे उभे राहतात. कॅसेट बघताना मी नेमकी कुकरपाशी होते. खाली चारशे माणसं चाचाचा हात चष्म्याकडे जायच्या आधीच हसायला लागली, कारण त्यातली कित्येक तिसऱ्यांदा आली होती. बाल्कनीत शरीफुन्निसाभाभी पदराने डोळे पुसत होत्या. आणि मी? भाभींना विचारा.

‘चाचा बारूद’ अकरा आठवडे चालला. फर्निचरचं दुकान झालं नाही, जमालभाईंचा व्हिसा वाढला, मुलं शिकली. माझ्या परीक्षणाने त्यांचं एक तिकीटही कमी झालं नाही, ही देवाची कृपा. पण त्या पत्रकाच्या दोनशे प्रती या सभागृहात बसलेल्यांच्याच घरांत गेल्या होत्या. मला सात फोन आले, छान लिहिलंय म्हणून. त्या ओळीबद्दल आपल्यापैकी कोणी काही बोललं नाही. आणि मीही दुरुस्ती छापली नाही. दर महिन्याला ठरवायचे, आणि दर महिन्याला वाटायचं, आता कोणाला आठवतंय?

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी मिळाली, आटोपते.

जमालभाई, तुम्ही मान हलवून नको-नको म्हणताय, पण आज तुमचं ऐकणार नाही. भाभी, सोमवारच्या त्या शोला तुम्ही आणलेली सांदणं मी अजून विसरलेले नाही. मंडळाचे आणि ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या प्रवीणचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, अधिक-उणं झालं असेल, तर ते सभेने पोटात घालावं. लिहिलेलं मात्र पोटात घालू नये. पुढच्या पत्रकासाठी तीन वाक्यं लिहून आणली आहेत, तेवढी वाचते आणि बसते. सिराजभाऊ, ही तुमच्यासाठी आहेत.

“‘चाचा बारूद’ हा चित्रपट मला आजही सुमार वाटतो, पण त्याला शेवट आहे. तो पाहून हसणाऱ्या माणसांबद्दल मी जे लिहिलं, ते चूक होतं आणि त्याबद्दल मी त्यांची माफी मागते. त्या सोमवारी सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होते.”