पोटातली गाठ मी ठेवून घेतली

वसंता गेला त्या दिवशी माझं ऑपरेशन ठरलं होतं. वसंता माझा दीर. त्याला नाक्यावर पोलिसांची गोळी लागली. ऑपरेशन झालं नाही, आणि पुढे मी ते करून घेतलं नाही.

पहिल्यापासून सांगते. माझं माहेर देवगडाकडचं, वडील शाळामास्तर, घरात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त, मी सातवीची फायनल पास झाले आणि लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले. हे मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, वसंताही तिथेच, सासूबाई घरी, खोली एक, आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीला शिकवायला लागले. सून मास्तरीण आहे याचा सासूबाईंना अभिमान होता, पण तो त्या शेजाऱ्यांच्या दारात दाखवायच्या, घरात नाही. घरात एकच, दुसऱ्यांच्या पोरांका अक्षरां शिकवतंस, आपला खंय आसा? आम्हाला मूल नव्हतं. काय सांगू तुम्हाला, त्या वाक्याची मला इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी त्या बोलल्या नाहीत तर वाटायचं, यांना बरं नाही की काय.

मग एका वर्षी माझं पोट दिसायला लागलं. पाळी माझी कधीच नेमाने नव्हती, तेव्हाही दोन-तीन महिने चुकली होती, जेवण जात नव्हतं, दोन घास घेतले की पोट भरून यायचं. सासूबाई नुसत्या बघायच्या. एका दुपारी हे दोघे भाऊ मिलमध्ये असताना त्यांनी दार लावलं, मला पाटावर बसवलं, हिरवी चोळी आणि नारळ-तांदूळ माझ्या पदरात घातले. आमच्यात याला चोरओटी म्हणतात, तिसऱ्या महिन्यात भरतात, कुणाला न सांगता, दृष्ट लागू नये म्हणून. ओटी भरताना त्यांनी माझ्या पोटाला हात लावला. उजव्या बाजूला फासळ्यांखाली घट्ट लागलं. त्यांचा चेहरा असा फुलला, म्हणाल्या, उजवीकडे आसा गो, झीलच आसा. मी शिकलेली बाई, पण त्या दिवशी मलाही मुलगाच आहे हे खरं वाटलं. मी आरशात उभी राहून पदर सैल सोडून बघितलं.

परळच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि त्यांचा हात खाली न जाता तिथे वरच थांबला. म्हणाल्या, बाई, मूल खालून वर वाढतं, हे वरून खाली आलंय. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यानंतर आपला खंय आसा हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही. मी ती चोळी ट्रंकेत तळाशी ठेवायला लागले तर म्हणाल्या, चोळयेन काय केल्यान? घाल गो. मग मी ती शाळेत घालून जायला लागले.

मोठ्या इस्पितळात पोट उघडून पाहिलं आणि परत शिवलं. शुद्धीवर आले तर डॉक्टर बाहेर व्हरांड्यात ह्यांच्याशी बोलत होते. मी नर्सला म्हटलं, त्यांना आत बोलवा, पोट माझं आहे. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले, चांगला माणूस, घाई केली नाही. म्हणाले, यकृतावर गाठ आहे, शहाळ्याएवढी, रक्तवाहिन्यांचा गुंता होऊन झालेली, पण कॅन्सर नाही. हे एवढंच ऐकून खाली धावले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कॅन्सर नाही हे कळलं. पुढचं मी एकटीनेच ऐकलं. एक, पुन्हा पोट उघडून गाठ काढायची, पण यकृत कापताना रक्त थांबवणं कठीण, टेबलावर काहीही होऊ शकतं. दुसरं, वरून शेक द्यायचा, क्ष-किरणांचा, त्याने आकसली तर आकसली. तिसरं, आहे तशी राहू द्यायची आणि लक्ष ठेवायचं, पोटावर मार लागू द्यायचा नाही, जड उचलायचं नाही, आत फुटली तर मात्र वेळ मिळेल न मिळेल. मी विचारलं, आपोआप फुटते का? म्हणाले, क्वचित.

ह्यांचं मत काढून टाकायची. रोज तेच. एकदा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे, हे असं बॉम्ब पोटात घेऊन वावरायचं म्हणजे काय? मलाही पटलं. मग रक्ताच्या बाटल्यांचा प्रश्न आला. आमच्या चाळीतले गडी मागावर दिवसभर उभे राहणारे, पण रक्त म्हटलं की माना खाली, एकदा काढलं की ते परत भरत नाही, पायातला जोर जातो, अशी सगळ्यांची समजूत. वसंता पहिला पुढे झाला आणि त्याचंच रक्त जुळलं. मला म्हणाला, वैनी, माझा रगात तुझ्या आंगात गेला काय सकाळी उठान बिडी मागतलंस. मी म्हटलं, आणि तुझ्यासारखी बोंबलायला लागले तर वर्गातली पोरं पळून जातील. त्याचा आवाज फार मोठा होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा द्यायला मोर्च्यात त्याला पुढे ठेवायचे.

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाले. सकाळी वसंता आईला सांगून निघाला, मोर्च्यात जरा जातंय आणि तसोच वैनीकडे. मी उपाशीपोटी तयार होऊन बसले होते. मग बाहेर एकदम गलका झाला, एकामागून एक माणसं आणायला लागले, कुणी हातगाडीवरून, कुणी खांद्यावरून, आणि नर्स येऊन म्हणाली, आज तुमचं होणार नाही. मी व्हरांड्यात गेले. खाली आमच्या चाळीतले तेच गडी बाह्या वर करून रांगेत उभे होते, रक्त द्यायला. मला वाटलं, वसंता यांच्यातच असेल. मी त्याला रांगेत शोधत होते. मग हे आले, माझ्यासमोर उभे राहिले, म्हणाले, वसंता गेला.

वसंताचे दिवस झाले, सुतक फिटलं, मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. चाळीत म्हणत होते, मास्तरीण भ्याली. भ्याले नव्हते. मी डॉक्टरांना विचारलं, काढायची तर किती रक्त लागेल? म्हणाले, सांगता येत नाही. नाही काढली तर किती जगेन? म्हणाले, तेही सांगता येत नाही. मी म्हटलं, मग आज मी जेवते, चालते, शिकवते. हे सगळं टेबलावर ठेवण्याएवढा त्रास मला अजून नाही. उद्या झाला तर मी स्वतःहून येईन. शेकाचं विचारलं तर तेच म्हणाले, त्याचीही खात्री नाही. मग नको म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण दाखवायला येत जा, चुकवायचं नाही.

हे माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, उठायचे. एका रात्री म्हणाले, एक गेला, आता तू अशी. मी म्हटलं, अशी म्हणजे कशी? जिवंत आहे. सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, तिचा प्वाट, तिका ठरवूंदे. त्यावर हे हसले की रडले मला अंधारात कळलं नाही, पण सकाळी त्यांनी नळावरची कळशी स्वतः भरून आणली. साचाखात्यातला गडी बायकांच्या रांगेत, बायकांनी काय कमी चेष्टा केली? एक म्हणाली, भावजी, लुगडा देव काय? हे म्हणाले, द्या, पण हिरवा द्या. तेव्हापासून पाणी तेच आणतात.

मध्ये एकदा पोटात कळ येऊन मी वर्गातच खाली बसले. ताप आला, चेहरा पांढरा पडला, हे मला घेऊन इस्पितळात धावले. गाठीच्या आत थोडं रक्त साकळलं होतं, ते आपोआप जिरलं. तेव्हा ह्यांनी डोळ्यांनीच विचारलं, आता तरी? मी त्या खाटेवर पुन्हा सगळा विचार केला, खोटं सांगत नाही, रात्रभर केला, आणि माझं उत्तर बदललं नाही. मोर्च्यांनाही मी गेले, शेवटपर्यंत. चाळीतल्या बायका मला मधे घ्यायच्या, दोघी पुढे, दोघी मागे, कोपरं बाहेर काढून.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी चाळीत दिवे लावले. सासूबाईंनी आमच्या दारात आधी लावला नाही, मग थोड्या वेळाने लावला.

आता गाठ आहे. डॉक्टरांच्या हाताला ती तेवढीच लागते. वसंता नाही. घरात आम्ही तिघं आहोत, आणि उद्या शाळा आहे.