औदुंबराभोवती ह्यांची पावलं

बायांनो, गेल्या वर्षी ह्यांची साखर उतरावी म्हणून मी दत्ताला नवस बोलले होते, की महिनाभर रोज औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा घालीन. हेही सकाळी फिरायला निघायचे. मोबाईल पावलं मोजायचा आणि मित्रांच्या ग्रुपवर आकडा पडायचा. पण आम्हा बायकांचं फिरणं देवाभोवती, पुरुषांचं चहाच्या टपरीपर्यंत, हे मला कुठं ठाऊक!

एकदा प्रदक्षिणा घालताना माझ्या पूजेच्या पिशवीत ह्यांचा मोबाईल वाजला. उचलला तर ह्यांचे एक मित्र म्हणाले, "गड्या, आजबी तूच पहिला! कुठं हायस?"

मी म्हणाले, "भाऊजी, तुमचा गडी औदुंबराला फेऱ्या घालतोय!"

घरी जाब विचारला तर हे म्हणतात, "अगं, तू फिरतीयासच की! त्यात माझीबी पावलं झाली."

महिन्यानं दोघांनी रक्त तपासलं. ह्यांची साखर होती तिथंच, माझी काठावरची मात्र छान उतरलेली.

"नवस माझ्यासाठी हुता न्हवं?" हे कुरकुरले.

"व्हय, पण दत्तानं पाय ओळखले."

तुम्हीही असा नवस बोला गं, देव पावतोच. फक्त नवऱ्याचा मोबाईल नको, नवराच संगती न्या.