चौथ्या खांबाखालची विहीर

दिग्विजय : ...आणि काल संध्याकाळपर्यंत या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये एकही क्लॅश नव्हता, कशाची कशाशी टक्कर नाही. सगळं हिरवं. आज उघडतो तर पाण्याच्या टाकीच्या चौथ्या खांबाखाली हे लाल नळकांडं. कुणी घातलं?

हर्षाली : मी, सर. नळकांडं नाही, विहीर आहे ती.

दिग्विजय : माकणीत एका रात्रीत विहीर उगवली?

हर्षाली : उगवली नाही, बुजवलेली आहे. या धुरपदाबाईंनी काल दाखवली. शाळेच्या मागंच राहतात.

धुरपदाबाई : राम राम, साहेब.

दिग्विजय : नमस्कार आजी, बसा. हर्षाली, काँक्रीटची गाडी तासाभरात इथं येईल. दोन महिने मागं आहोत आपण. कॉन्ट्रॅक्टर रोज मला फोन करतो, तुला नाही. तू मॉडेल करायला आहेस, गावच्या गोष्टी गोळा करायला नाही.

हर्षाली : मॉडेलमध्येच चूक आहे, सर. माझी चूक.

दिग्विजय : तुझी कशी? मातीची तपासणी झालीय. चौथ्या खांबाखाली मुरूम, त्याखाली कातळ. रिपोर्ट आहे.

हर्षाली : रिपोर्टमधला माती तपासायचा बोअर चौथ्या खांबाखालचा नाहीच. मशीन आलं तेव्हा तिथं वेड्या बाभळीचं रान होतं. काटे कोण तोडणार, म्हणून बोअर पंधरा फूट सरकवून रस्त्याकडेला घेतला. कागदावर मात्र ‘खांब चार’ असंच लिहिलं. मी ते वाचलं आणि मॉडेलला तसंच खायला घातलं. जागेवर येऊन बघितलं नाही. मॉडेलला आपण सांगू तेवढंच कळतं.

दिग्विजय : बरं. पण खड्डा सहा फूट खणलाय ना? तिथंही मुरूमच लागला. तो तर खोटा नाही?

धुरपदाबाई : मुरूम आमीच टाकलाय की, साहेब. भूकंप झाला, त्येच्या दुसऱ्या सालाला. पडल्या घरांचे दगुड समदे हिरीत लोटले. वरून मुरूम दाबला अन् पोरांस्नी मैदान केलं.

दिग्विजय : आजी, सातबाऱ्यावर विहीर नाही. गावच्या नकाशावर नाही. तीस वर्षांपूर्वीची जागा तुम्हाला अशी बोटावर आठवते?

धुरपदाबाई : सातबारा कवा पानी शेंदाया आला न्हाय, साहेब. म्या येत व्हते. दिसातनं चार खेपा.

हर्षाली : मारुतीच्या पायरीपासून बत्तीस पावलं, असं त्या म्हणाल्या. काल चालून दाखवलं तर चार-पाच फूट पुढं गेल्या. मग माझ्या लक्षात आलं, ही मोजणी कळशीची आहे. अर्धी कळशी भरून कमरेवर दिली. मग पाऊल लहान पडलं. बत्तिसावं पाऊल चौथ्या खांबाच्या खुणेवर.

दिग्विजय : कळशीनं सर्व्हे केलास तू. आणि खोली?

हर्षाली : सात परस. माणसाच्या उंचीनं मोजतात. मी सव्वाबारा मीटर धरलंय.

दिग्विजय : परस हे माप सॉफ्टवेअरमध्ये मिळालं का?

हर्षाली : नाही मिळालं. म्हणून मीटर केलं.

दिग्विजय : हे बघ, तू इथल्याच बेंबळी गावची, तुला या लोकांबद्दल वाटतं, मला कळतं. पण मॉडेल मंजूर झालेलं आहे. ती विहीर काढून टाक आणि खांब चारला ‘तयार’ कर. एक बटण आहे.

हर्षाली : नाही करणार.

दिग्विजय : काय?

हर्षाली : काढणार नाही आणि ‘तयार’ही करणार नाही. दीड लाख लिटरची टाकी आहे, सर. एक पाय खचला तर कुठल्या बाजूला कलेल ते मी मॉडेलमध्ये बघितलंय. शाळेच्या बाजूला. चौथीचा वर्ग.

धुरपदाबाई : माझी नात हाय त्या वर्गात.

दिग्विजय : मी पुण्याच्या ऑफिसात श्रीनाथला फोन करतो, मॉडेल त्यालाही उघडता येतं. दोन मिनिटांत काढेल तो.

हर्षाली : करा. कुणी काढली, किती वाजता काढली, सगळी नोंद राहते. शिवाय सकाळी आठलाच हे मॉडेल मी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना, डिझायनरला आणि ग्रामपंचायतीला पाठवलंय. माझी चूक पण त्यात लिहिलीय.

दिग्विजय : मला न विचारता?

हर्षाली : विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

दिग्विजय : सोमवारपासून साईटवर यायचं नाही तू. कळलं?

हर्षाली : कळलं. पण आज शनिवार आहे, सर. आज खांबाला माझीच सही लागते.

दिग्विजय : आजी, तुम्ही कुठं निघालात? खड्ड्याच्या काठावर बसू नका.

धुरपदाबाई : बसले की. भूकंपानं घर घेतलं, सरकारनं सांगितलं तिकडं ऱ्हायले, तवा काय बोलले न्हाय. आता बोलते. गाडी आली तर माझ्या अंगावर वता म्हनावं ते काँक्रीट. पोरगी खरं बोलतीया, अन् तिलाच घालवताय व्हय?

हर्षाली : आजी, कडा ढासळेल. इकडं मागं सरका.

धुरपदाबाई : सरकते. उठत मात्र न्हाय.

हर्षाली : सर, आयुबभाईंचा जेसीबी उभाच आहे. अजून तीन फूट खणू. अर्धा तास लागेल. मुरूमच निघाला तर सगळ्यांना माझ्या हातानं माफीचं पत्र पाठवते आणि आजच घरी जाते.

दिग्विजय : तीन फूट. त्यापुढं एक इंच नाही. आयुबभाई, घ्या मशीन.

(जेसीबी बराच वेळ चालतो. मग थांबतो.)

हर्षाली : सर, खालचा मुरूम आपोआप आत चाललाय. बघा, भोक पडलं. आणि जेसीबीच्या बादलीत घडीव दगड आलाय.

दिग्विजय : ठेवा इकडं बाहेर. बघू दे मला... हॅलो, प्लँट? दिग्विजय बोलतोय, माकणी साईट. गाडी परत फिरवा. नाही, उद्याही नको. चौथा खांब इथं होत नाही. हो, कॉन्ट्रॅक्टरला मीच सांगतो.

हर्षाली : मी आत्ताच सगळ्यांना कळवते, सर. डिझायनरला फोटोही पाठवते.

दिग्विजय : पाठव. आणि हर्षाली, सोमवारी... आठ वाजता ये.

हर्षाली : नऊला येते. आधी उरलेल्या सात खांबांचे बोअर खरंच कुठं घेतलेत ते बघून येते.

दिग्विजय : आजी, आता तरी उठा. जिंकलात तुम्ही.

धुरपदाबाई : उठते. तेवढा त्या दगडावरनं तुमचा पाय काढा, साहेब. उंबरा हाय त्यो, कुनाच्या तरी दारचा.